शेवटच्या ब्लॅकआउटबद्दल

अगं,

तुझ्या नाटकाची संहिता दोनदा वाचली. एकदा रात्री, एकदा सकाळी चहाबरोबर. रात्रीच्या वाचनावर माझा भरवसा नसतो, हे तुला ठाऊक आहेच. संवाद छान उतरलेत. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मुलीचा तो फोटो पडतो, चौदा जण नुसते हसण्याचे इमोजी टाकतात, एकटी एक मुलगी ‘अरे डिलीट करा ना’ लिहिते आणि मिनिटाभरात स्वतःचाच मेसेज डिलीट करते. या जागेला मी कप खाली ठेवला. हे तू पाहिलेलं आहेस, कुठून आणलेलं नाहीस.

बाकीचं मात्र आणलेलं आहे, आणि कुठून ते मला तिसऱ्या पानावरच कळलं. मुलगी जीव देऊन गेलेली आहे. तिच्या नऊ व्हॉइस नोट्स एकेकाच्या फोनवर येतात. ज्यानं त्यानं आपापलं पाप ऐकायचं. शेवटी ती स्वतः दिसते, एकच स्पॉट, आणि ब्लॅकआउट. म्हणजे ‘थर्टीन रीझन्स व्हाय’, कॅसेटच्या जागी व्हॉट्सॲप. उसनं घेतल्याचा राग नाही, आम्हीही घेतलंच की. पण त्या मालिकेत जे खरोखर चांगलं होतं ते तिथंच राहिलं आणि खोट तेवढी तुझ्याकडे आली. फोनवर बोलले असते तर तू ‘हो ताई, हो ताई’ करत राहिली असतीस, म्हणून हे लिहायला बसले.

नेटफ्लिक्सवर ही मालिका ३१ मार्च २०१७ ला आली, पहिल्या पर्वाचे तेराही भाग एकदम. तू तेव्हा पाचवी-सहावीत असशील. हॅना बेकर नावाची शाळकरी मुलगी जीव देते आणि मागे सात कॅसेट ठेवून जाते. तेरा बाजू भरलेल्या, प्रत्येकीवर निळ्या नेलपॉलिशनं आकडा रंगवलेला. बुटांच्या खोक्यातून त्या क्ले नावाच्या तिच्या शाळासोबत्याच्या दारात येऊन पडतात. कॅसेट ऐकायला त्याच्याकडे यंत्र नाही, म्हणून तो मित्राचा जुना वॉकमन पळवतो. काय सुंदर सुरुवात आहे! मी नाटकवाली बाई, मला तिथंच गुंडाळलं त्यांनी.

आणि छळ त्यांना कळलेला होता, हे मान्य करायलाच हवं. आपल्याकडे छळ करणारा म्हटला की मिशीला पीळ देणारा खलनायक येतो. इथे तसं नाही. वर्गात एकेका मुलाच्या नावाची कागदी पिशवी लावलेली असते. जे कौतुक तोंडावर सांगवत नाही ते चिठ्ठीवर लिहून त्या पिशवीत टाकायचं. एक मुलगा हॅनाच्या पिशवीतल्या चिठ्ठ्या गुपचूप काढून घेत राहतो. बस, एवढंच. मारहाण नाही, शिवी नाही. कुणी विचारलं तर ‘त्यात काय एवढं?’ म्हणता येईल असं. दुसरा कुणी वर्गातल्या मुलींची यादी करतो, तिसरा तिची कविता तिला न विचारता छापतो. प्रत्येक गोष्ट एकटी पाहिली तर किरकोळ. बलात्कारापर्यंत पोचणारी वाट असल्या किरकोळ गोष्टींनीच तयार होते, हे त्यांनी दाखवलं. तुझा डिलीट केलेला मेसेज याच जातीचा आहे. तो जप.

आता खोट. गाजावाजा झाला तो शेवटच्या भागातल्या मृत्यूच्या दृश्याचा. जवळजवळ तीन मिनिटं ते चालत होतं. मानसोपचाराच्या क्षेत्रातली माणसं पहिल्या दिवसापासून ओरडत होती, हे असं दाखवू नका म्हणून. मालिका करणाऱ्यांचं म्हणणं, भीषण आहे ते भीषणच दाखवलं तर मुलं त्या वाटेला जाणार नाहीत. न्यूझीलंडच्या सेन्सॉरनं या मालिकेसाठी वेगळा शिक्काच काढला: अठराच्या खालच्यांनी पालक बरोबर असतील तरच पाहायची. शेवटी सव्वादोन वर्षांनी, जुलै २०१९ मध्ये, नेटफ्लिक्सनं ते दृश्य कापून टाकलं. आणि गंमत बघ, कापल्यावर गोष्ट कुठेही अडली नाही. जो प्रवेश काढल्यानं नाटकाचं काहीच बिघडत नाही, तो प्रवेश कशासाठी होता, हे आपण पहिल्या वर्षाच्या मुलांनाही विचारतो.

आकड्यांबद्दल जरा जपून बोल. मालिका आल्यावरच्या १९ दिवसांत अमेरिकेत इंटरनेटवर आत्महत्येविषयीचे शोध अपेक्षेपेक्षा १९ टक्के वाढले होते. २०१९ मध्ये आणखी एक अभ्यास आला: एप्रिल २०१७ मध्ये १० ते १७ वयातल्या मुलांच्या आत्महत्यांचं प्रमाण तिथे अपेक्षेपेक्षा २८.९ टक्क्यांनी जास्त होतं. पण २०२० मध्ये तीच आकडेवारी पुन्हा तपासली गेली आणि आधीपासूनची चढती रेघ हिशेबात धरल्यावर मालिकेचा परिणाम ठामपणे दाखवता येईना. पहिल्या अभ्यासकांनीही ‘मालिकेमुळेच’ असं म्हटलं नव्हतं. तेव्हा कुणाशी वाद घालताना तो २८.९ तोंडावर फेकू नकोस. मला तर त्या आकड्याची गरजही वाटत नाही. माझी तक्रार लेखनाबद्दल आहे.

हॅनाला मेल्यावर काय काय मिळतं, मोज जरा. जिवंतपणी तिचं कुणी ऐकत नव्हतं, मेल्यावर सगळे ऐकतात. तिनं ठरवलेल्या क्रमानं ऐकतात. नकाशा घेऊन तिनं सांगितलेल्या जागी जातात. घाबरतात, लाजतात, एकमेकांवर तुटून पडतात. तिची वाक्यं धारदार, आवाज शांत, एकही शब्द अडखळत नाही. म्हणजे मेल्यावर ती त्या गावाची दिग्दर्शक होते! आणि पाहणारी पंधरा वर्षांची मुलगी, जिचं घरात आणि वर्गात कुणी ऐकत नाही, ती यातून काय उचलेल? तीन मिनिटांच्या दृश्यापेक्षा मला या तेरा तासांची भीती जास्त वाटते. ते दृश्य कापता आलं. हे कापायचं तर मालिकाच उरत नाही.

खरं तर असं काहीच होत नसतं. नऊ व्हॉइस नोट्स पाठवल्या तर दोघं त्या उघडणारच नाहीत, एक जण घाबरून पुसून टाकेल, एकाचे वडील फोन काढून घेतील. मुख्य म्हणजे जिनं पाठवल्या तिला यातलं काही कळणार नाही. रडणारी आई नाही, खजील झालेला वर्ग नाही, टाळी तर नाहीच.

‘कारणं’ हा शब्दही मला खुपतो. तेरा बाजू, तेरा कारणं, बेरीज मृत्यू. आपल्या वर्तमानपत्रांचे मथळे वर्षानुवर्षं हेच गणित मांडत आलेत: पेपर अवघड गेला म्हणून, आई रागावली म्हणून, मोबाइल दिला नाही म्हणून. माणूस असा त्रैराशिकानं मरत नाही. छळाची जखम खरी असते, पण त्या जखमेभोवती मनाचा आजार असू शकतो, झोप उडालेली असते, आणि डोकं इतकं अरुंद झालेलं असतं की दुसरं दार दिसतच नाही. हॅनाच्या मनाच्या आजाराला मालिका जवळजवळ हातच लावत नाही. दुसऱ्यांच्या पापांचा मात्र तपशीलवार पंचनामा.

सगळ्यात वाईट मला शेवटची कॅसेट वाटली. हॅना शाळेच्या समुपदेशकाकडे, मिस्टर पोर्टरकडे जाते. तो गोंधळतो, तिच्यावर अत्याचार करणाऱ्याचं नाव मागतो, ते सांगायचं नसेल तर विसरून पुढे जावं लागेल असं सुचवतो. ती बाहेर येते आणि दाराशी थांबते, तो मागे येईल म्हणून. तो येत नाही. अभिनय अप्रतिम आहे, म्हणूनच घाव खोल. असे समुपदेशक असतात का? असतात. पण अख्ख्या मालिकेत मदत मागितल्याचा ठसतो तो प्रसंग हा, आणि त्याचं उत्तर बंद दार. तुझ्या संहितेतल्या समुपदेशक बाई तर नुसत्या घड्याळ बघतात आणि हशा घेतात. हशा मिळेलही. पण समोर बसलेल्या एखाद्या मुलीनं सोमवारी त्यांच्याच केबिनमध्ये जायचं ठरवलेलं असलं तर?

हे मला सुचलं ते शहाणपणामुळे नव्हे. बाविसाव्या वर्षी मी एक एकांकिका लिहिली होती. शेवटी एका मुलाची चिठ्ठी वाचली जाते, आईबाप कोसळतात, अंधार. प्रेक्षागृहात आधी सन्नाटा, मग ‘अरे आवाज कुणाचा’चा असा गजर की छप्पर उडावं. बक्षीसही मिळालं. मेकअप पुसत असताना विंगेत एक मुलगी आली. अकरावी-बारावीतली, कॉलेजचं ओळखपत्र अजून गळ्यात. म्हणाली, ‘शेवटी त्याचे आईबाबा किती रडले ना?’ तिचे डोळे चमकत होते. मी ‘थँक्यू’ म्हणाले आणि कापसानं दुसरा गाल पुसायला घेतला. तिचं पुढे काही वाईट झालं असं मला मुळीच म्हणायचं नाही, बहुधा मजेत असेल. पण माझ्या नाटकातून तिनं घरी काय नेलं ते त्या एका प्रश्नात होतं, आणि मला ते ऐकू यायला दहा वर्षं लागली.

मग मी जरा वाचत गेले. व्हिएन्नाची भुयारी रेल्वे १९७८ मध्ये सुरू झाली. पुढच्या काही वर्षांत तिथल्या आत्महत्या वाढल्या आणि वर्तमानपत्रं त्यांची रसभरीत वर्णनं छापत होती. १९८७ मध्ये तिथल्या तज्ज्ञांनी संपादकांना बातम्या कशा द्याव्यात याची सूचनावली दिली. वर्णनं थांबली आणि त्याच वर्षाच्या दुसऱ्या सहामाहीत रेल्वेतल्या आत्महत्या आणि प्रयत्न एकदम खाली आले. रुळ तेच, माणसं तीच, फक्त गोष्ट सांगायची पद्धत बदलली होती. त्याच शहरात १७९१ मध्ये मोझार्टच्या एका ऑपेरात पापागेनो नावाचा पारधी जीव द्यायला निघतो. तेवढ्यात तीन पोरं येतात आणि म्हणतात, अरे, तुझ्याकडची ती घंटा वाजव ना! तो वाजवतो आणि जगतो. संकटातून बाहेर आलेल्या माणसाची गोष्ट ऐकून ऐकणाराही सावरू शकतो, याला २०१० मध्ये व्हिएन्नातल्याच संशोधकांनी ‘पापागेनो परिणाम’ हे नाव दिलं. नाटकवाल्यांना याहून मोठा मान कुणी दिला असेल असं मला वाटत नाही.

तू म्हणशील, ताई, मग विषयच सोडायचा का? मुळीच नाही. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यात सर्वाधिक, १,७६४, आपल्या महाराष्ट्रात. या विषयावर मुलांनी नाटक करायचं नाही तर कुणी करायचं? पण तो ब्लॅकआउट काढ. कसं, कुठे, कशानं, यातलं काहीही रंगमंचावर नको, संवादातही नको. व्हॉइस नोट्स काढ. तुला त्या काढवणार नाहीत, कारण तुझी सगळ्यात चांगली वाक्यं तिथंच आहेत, मला दिसतंय ते. तरी काढ.

आणि मुलीला जिवंत ठेव. ‘मग नाट्य कुठे राहिलं?’ हा प्रश्न मला विचारू नकोस. जिवंत माणसाला उद्या सकाळी साडेसातला त्याच वर्गात जाऊन त्याच बाकावर बसायचं असतं, याहून जास्त नाट्य कुठे असतं? समुपदेशक बाईंना एक तरी धड वाक्य दे. त्या चुकू देत, पण त्यांना उठून दाराबाहेर येऊ दे. प्रयोगाच्या शेवटी निवेदनात टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक सांगा. चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. पडद्यावर बारीक अक्षरात नको. माणसानं सांगायचं, थांबून.

आणखी एक, सरळच विचारते. यातली मुलगी तू आहेस का? किंवा तुझ्या ओळखीची कुणी? असं विचारलं की समोरच्याच्या डोक्यात नको ते भरतं असं आपल्याकडे समजतात. तसं होत नाही. उलट बोलायला जागा होते. उत्तर ‘हो’ असेल तर नाटक आणि स्पर्धा गेली खड्ड्यात, मला आत्ता फोन कर, रात्रीचे दोन असले तरी. ‘नाही’ असेल तर विचारल्याबद्दल रागावू नकोस.

नाटकाकडे परत येते. तुझी खरी नायिका मला सापडली आहे असं वाटतं. ‘अरे डिलीट करा ना’ लिहून पुसून टाकणारी ती. तिला तू अर्धं पानसुद्धा दिलेलं नाहीस, नावही नाही दिलं. ग्रुपवरून मेसेज पुसला, पण ज्या मुलीचा फोटो होता तिनं तो त्या मिनिटात वाचला असला तर? मला तो प्रवेश हवा आहे. रात्र, दोन खोल्या, दोन मुली, दोघींच्या हातात फोन. एक टाइप करते, पुसते, टाइप करते, पुसते. दुसरीला पडद्यावर नुसतं ‘टायपिंग’ दिसतंय, जातंय, पुन्हा दिसतंय. शेवटी ही लिहायचं सोडून देते आणि फोन लावते. पलीकडे वाजतो. ती उचलते. ‘हॅलो’नंतर काय, ते मला सुचलं नाही. तुला सुचेल, तुझं वय अजून त्या वर्गाजवळ आहे.

शनिवारी साडेपाचला हॉलवर ये, किल्ली माझ्याकडे आहे. तेवढं एक पान लिहून आण, बाकीचं राहू दे. आणि गेल्या वेळचे चहाचे पैसे तुझ्याकडून यायचेत.

तुझी,
ताई