पोरगं घरात बसून, आणि बेरोजगारी फक्त ३.२ टक्के?

प्रश्न : सर, माझा मुलगा मेकॅनिकल इंजिनियर आहे. शिरोली एमआयडीसीत एका कारखान्यात ट्रेनी होता, मुदत संपल्यावर ठेवून घेतलं नाही. आता राजारामपुरीत अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय, दिवाळीच्या सीझनला मामाच्या दुकानात बसतो. गल्लीत असे अजून चार-पाच जण आहेत. आणि बेरोजगारी ३.२ टक्के असं वाचलं. हा आकडा काढतात कुठनं? आमच्या पोराला त्यात धरलंय का?
– एक वाचक, करवीर

उत्तर : आकडा खोटा नाही, पण तुम्ही जे विचारताय ते तो मोजतच नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ३.२ टक्के हा २०२३-२४ चा, केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाच्या पीएलएफएस (कोण काम करतं, कोण शोधतं याची पाहणी) सर्व्हेतला. २०१७ पासून हा सर्व्हे चालू आहे, निवडलेल्या घरी जाऊन घरातलं कोण काय करतं ते विचारतात. १५ वर्षांवरच्या लोकांतले जे काम करतात आणि जे काम शोधतायत किंवा मिळालं तर करायला तयार आहेत, ते सगळे मिळून श्रमशक्ती, आणि त्यातले बिनकामाचे किती एवढाच हा टक्का.

आता तुमचा मुलगा. घरच्यांनी "अभ्यास करतोय" एवढंच सांगितलं तर तो विद्यार्थ्यांत जाण्याची शक्यता जास्त, म्हणजे बेरोजगारांत नाहीच. "नोकरी शोधतोय" म्हटलं तर बेरोजगार. पण मामाच्या दुकानात वर्षभरात सगळे मिळून ३० दिवस जरी बसला असेल तर तो रोजगार असलेला, कारण या ३.२ च्या पद्धतीत उरलेलं वर्ष काहीही केलं तरी तेवढं जोडकाम पुरतं, आणि स्वतःच्या घरच्या धंद्यातली बिनपगारी मदतसुद्धा कामच धरतात. गुऱ्हाळावर तीन-चार महिने राबून बाकीचं वर्ष कामासाठी फिरणारा माणूसही असाच रोजगारात जातो.

दुसरी पद्धत आठवड्याची. गेल्या सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास काम केलं की झालं, माणूस रोजगारात. तरीसुद्धा या पद्धतीने २०२३-२४ चा दर ४.९ टक्के येतो, जास्त, कारण इथे वर्षभराची पुंजी चालत नाही, त्याच आठवड्याचं बघतात. २०२५ पासून दर महिन्याला जो आकडा येतो तो याच पद्धतीचा, एप्रिल २०२५ ला ५.१ टक्के होता. त्यामुळे ३.२ वरून ५.१ वर गेली म्हणून कुणी ओरडत असेल तर ते चूक आहे, दोन वेगळी मापं आहेत. एक तासाचा नियम आंतरराष्ट्रीय आहे, देशाच्या उत्पादनाचा हिशोब जुळवायला तो लागतो हे मला मान्य आहे, पण घर चालतंय का हे त्यातून कळेल ही अपेक्षा धरणं मला बिलकुल पटत नाही. इचलकरंजीत मंदीत माग आठवड्यातले तीनच दिवस चालले तरी कामगार रोजगारातच, आठवड्याचा पगार निम्मा झालेला या टक्क्यात कुठेच येत नाही.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे शोधणं सोडलेल्यांचं. समजा १०० जणांत १० बेरोजगार, दर १० टक्के. त्यातले ५ जण कंटाळले, आता काम नकोच म्हणाले, की ते श्रमशक्तीतनंच बाहेर, उरले ९५ मधले ५, दर आला साधारण ५.३ वर. नोकरी एकालाही लागली नाही आणि बेरोजगारी निम्मी झाली!

तुमच्या गल्लीचं चित्र बघायचं तर १५ ते २९ वयाचा दर बघा, २०२३-२४ ला वर्षाच्या पद्धतीने तो १०.२ टक्के होता.

प्रश्न : मी पहाटे उठून चार म्हशींचं शेण, वैरण, धारा सगळं करते, दूध डेअरीला जातं, पासबुक मालकांच्या नावावर. मी बेरोजगार का?
– एक वाचक, कागल तालुका

उत्तर : नाही ताई, तुम्ही रोजगारात, "घरच्या व्यवसायात मदतनीस" म्हणून. २०२३-२४ मध्ये काम करणाऱ्या बायकांतल्या ३६.७ टक्के अशाच, हातात पैसा न मिळणाऱ्या मदतनीस. बायकांचा कामातला सहभाग वाढला अशी बातमी आली की आधी हा आकडा शोधा. तुम्ही शिवाय स्वयंपाक, धुणं, सासूबाईंचं आजारपण करत असाल ते मात्र यात कामच नाही, आणि नुसतं तेवढंच करणारी बाई श्रमशक्तीच्या बाहेर.