व्हॉट्सॲपवर सगळं हरवतं, मग आमच्या ओपन सोर्स गटानं काय वापरावं?

तुम्ही निपाणीत दहा-बारा जण मिळून ओपनस्ट्रीटमॅपचं, म्हणजे लोकांनीच मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाचं, काम धरलंय आणि ग्रुपवरच्या गर्दीत ठरलेलं काही सापडत नाही, असं लिहिलंय. तरी व्हॉट्सॲप सोडू नका. आम्ही बेळगावात तो शहाणपणा केला होता. सगळ्यांना एलिमेंट हे ॲप बसवून दिलं, मॅट्रिक्स या गप्पांच्या खुल्या जाळ्यावर नेलं. महिन्याभरात तिथं तिघंच उरलो, त्यातले दोघे एकाच घरातले. फायरफॉक्सवाल्या मोझिलानं 2020 मध्ये आयआरसी ही जुनी चॅटची पद्धत सोडून मॅट्रिक्स धरलं, त्यांना ते पेललं. आपली माणसं दुकानाचं शटर ओढून मग फोन हातात घेतात, त्यांना जुने मेसेज परत उघडायची रिकव्हरी की कोण समजावणार?

गप्पा तिथंच राहू द्यात, ठरलेलं मात्र बाहेर ठेवा. एकदा खानापुरात मलप्रभेकाठच्या वाटा नोंदवायला जायचं होतं. वेळ बदलल्याचा मेसेज गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडला गेला. चौघे खानापूर स्टेशनवर, बाकीचे अजून टिळकवाडीत. फोनवर एकच: "आम्ही आलोय की, तुम्ही कुठं हाईसा?"

तेव्हापासून इथरपॅडचं, म्हणजे सगळ्यांना एकत्र लिहिता येणारं, एक ऑनलाइन पान आहे. वर पुढची तारीख-वेळ, खाली कुणाकडे कुठली गल्ली. खातं काढावं लागत नाही, प्रत्येकाचं लिखाण वेगळ्या रंगात दिसतं, कुणी खोडलं तरी जुनं परत बघता येतं. काही फुकटचे सर्व्हर मुदत संपली की पान उडवतात, तेव्हा अधूनमधून उतरवून घ्या. लिंक ग्रुपच्या वर्णनात टाका. "किती वाजता?" विचारलं की उत्तर द्यायचं नाही, लिंक द्यायची. सुरुवातीला लोक रुसतात.

ऑनलाइन बैठकीला जित्सी हे व्हिडिओ कॉलचं साधन पुरतं. 2023 पासून त्यांच्या सार्वजनिक सर्व्हरवर बैठक सुरू करणाऱ्याला लॉगिन लागतं, बाकीच्यांना नाही.

आपल्या भागात खरी कसोटी गावांच्या नावांची. तो वाद ग्रुपवर काढूच नका, रात्री अकराला तर नाहीच. नकाशात मराठी नाव 'नेम:एमआर' (name:mr) या रकान्यात आणि कन्नड 'नेम:केएन' (name:kn) मध्ये, दोन्ही सुखानं नांदतात. कुणाचा बदल खटकला तर त्या चेंजसेटखालीच, म्हणजे नकाशावर त्या बदलाची जी नोंद होते तिच्याखालीच, लिहा. ते जगजाहीर राहतं, त्यामुळे माणसं जरा जपून बोलतात. आमच्यात निम्मे कन्नड बोलणारे आहेत, म्हणून पानावरची सूचना दोन्ही भाषांत असते.

आणि ॲडमिन दोघे ठेवा, त्यातला एक तरी गाव न सोडणारा. आमचा एकुलता ॲडमिन पुण्याला नोकरीला गेला, नंबर बदलला. मग नवा ग्रुप काढून एकेकाला पुन्हा गोळा करत बसलो.