पाणी कुठं आलंय ते विचारा, मग गाडी काढा

तुम्ही लिहिलंय की बँकेतल्या बदलीमुळं जूनमध्ये नाशिकहून धाराशिवला आलात, दोघंच आहात, दुचाकी आहे, सुट्टी रविवारचीच. तुळजापूरचं दर्शन झालं, आता कुठं जावं? आणि जो तो सांगतो, इथं काही नाही, सोलापूर गाठा.

मी लातूरकडची. लग्न होऊन इथं आले त्याला २४ वर्षं झाली. पहिल्याच महिन्यात मलाही हेच ऐकवलं होतं. तेव्हा ह्यांच्याकडे जुनी स्प्लेंडर होती. डब्यात धपाटे, शेंगांची चटणी आणि दही घेऊन आम्ही पंधरा दिवसांनी कुठंतरी निघायचो. अजून निघतो, फक्त आता माझे गुडघे विचारात घेऊन. काल तुमचा प्रश्न ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. ते लगेच म्हणाले, "त्यांना आधी सांग, नर-मादी सुरू झालं का ते बघा."

आमचा जिल्हा दुष्काळी. नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते एव्हाना तुम्हाला कळलंच असेल. म्हणूनच असेल कदाचित, पण आमच्या दोघांच्या आवडीच्या जागा मोजायला बसलं तर बहुतेक पाण्याच्या निघतात. त्यामुळं कुठं जायचं हे इथं पावसावर ठरतं. चुकीच्या महिन्यात गेलात तर तुम्हीही म्हणाल की इथं काही नाही.

नर-मादी म्हणजे नळदुर्गच्या किल्ल्यातले दोन धबधबे. तुळजापूरच्या पुढं, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर हा किल्ला आहे. धाराशिवहून ५०-५५ किलोमीटर धरा. बोरी नदीच्या एका अंगाला मुख्य किल्ला, दुसऱ्या अंगाला रणमंडळ हा छोटा किल्ला, आणि दोघांना जोडणारा दगडी बंधारा. त्या बंधाऱ्याच्या पोटात खोल्या काढल्या आहेत, तोच पाणी महाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये हे काम झालं. बंधारा भरला की पाणी दोन सांडव्यांवरून खाली पडतं. मोठा तो नर, लहान ती मादी. मात्र वरचं बोरी धरण भरून वाहायला लागल्याशिवाय हे काही दिसत नाही. चांगल्या पावसाच्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात गावभर एकच चौकशी चालते, "सुरू झालं का?" लोकांच्या स्टेटसवर व्हिडिओ दिसायला लागले की समजा, झालं.

लग्नानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात आम्ही तिथं गेलो. अरुंद पायऱ्या उतरून पाणी महालात पोचलो. बाहेर ढगाळ, आत अंधार, आणि समोरच्या खिडकीतून तेवढा उजेड. शेजारून पाण्याचा लोट खाली जात होता. आपल्या काळ्या मातीचा रंग घेतलेलं, चहासारखं दिसणारं पाणी. तुषार थेट तोंडावर. मी भिंतीला हात लावला तर चारशे वर्षांचा तो दगड तळव्याखाली थरथरत होता. हे काहीतरी बोलत होते, एक अक्षर कळेना. त्यांनी हातानं कप धरल्यासारखं करून दाखवलं तेव्हा समजलं, चहा प्यायचा का विचारतायत. लहानपणापासून घागरी मोजून पाणी वापरलेली मी, तिथून हलायलाच तयार नव्हते.

एका वर्षी नणंद आली म्हणून मे महिन्यात तिला तिकडं नेलं. भिंतीवर शेवाळाचे वाळलेले काळे पट्टे, खाली खडक, आणि डोक्यावर ऊन. पोरं म्हणाली, "मामी, धबधबा कुठंय?" त्यानंतर उन्हाळ्यात नळदुर्ग आम्ही वर्ज्य केलं.

धबधबा बघून लगेच परत फिरू नका. उपळी बुरुजावर चढा. पायऱ्या दमवतात, पण वर लांबलचक तोफा आहेत आणि बोरी किल्ल्याला कसा वळसा घालते ते तिथूनच नीट दिसतं. नवबुरूजही बघा, नऊ पाकळ्यांचा आहे. एकूण बुरूज ११४ आहेत, तेव्हा सगळं एका दिवसात होणार नाही. किल्ल्याला तिकीट आहे. धबधबा सुरू असताना रविवारी दुपारी जत्रा भरल्यासारखी गर्दी होते, म्हणून सकाळी आठ-साडेआठला तिथं पोचायच्या हिशेबानं घर सोडा. पायात बूट हवेत, शेवाळावर चप्पल टिकत नाही.

नर-मादी सुरू होईपर्यंत श्रावणात रामलिंग करून घ्या. येडशीजवळ, धाराशिवपासून २० किलोमीटरच्या आसपास. पायऱ्या उतरून दरीत जायचं, खाली महादेवाचं देऊळ, झाडी, आणि पाऊस झालेला असेल तर धबधबा. सीतेला घेऊन चाललेल्या रावणाशी जटायू इथंच लढला आणि घायाळ जटायूला पाजायला रामानं बाण मारून पाणी काढलं, असं इथले लोक सांगतात. भोवतीचं रान येडशी रामलिंग घाट अभयारण्य म्हणून राखलेलं आहे. पूर्वी बार्शीकडून येडशीमार्गे लातूरला छोटी रेल्वे जायची. माझे सासरे त्या गाडीनं इथं यायचे आणि तिच्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलायचा. माकडं मात्र फार. नारळाची पिशवी हातात लोंबकळत धरू नका, माझ्या हातून दोनदा गेली आहे. श्रावणी सोमवारी पाय ठेवायला जागा नसते, दुसरा कुठलाही दिवस धरा.

आता तेर. माझी सगळ्यात लाडकी जागा हीच, आणि लोक सगळ्यात कमी जातात तीही हीच. धाराशिवहून तासाभराच्या आत पोचता. तेरणा नदीकाठचं साधं गाव आहे. उतरल्यावर पहिल्यांदा वाटेल, इथं काय बघायचं? पण हेच जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या प्रवासवृत्तांतात, पेरिप्लसमध्ये, पैठणच्या जोडीनं तगरचं नाव येतं. इथलं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायचं आणि तिथून समुद्रापार. ज्या जिल्ह्याला आज सगळे मागास म्हणतात, त्याचा माल तेव्हा रोमच्या बाजारात होता.

त्रिविक्रमाचं देऊळ बघायला गेलात की आधी त्याच्या मागं जा. समोरून ते नेहमीच्या देवळासारखं दिसतं. मागच्या बाजूला भिंत अर्धगोल वळते आणि छप्पर हत्तीच्या पाठीसारखं उतरत येतं. सगळं विटांचं. अजिंठा-वेरूळच्या चैत्यांत जो आकार डोंगरात कोरलाय, तोच इथं एकावर एक वीट ठेवून उभा केलाय. इतकं जुनं विटांचं बांधकाम उभं असलेलं फार कमी ठिकाणी बघायला मिळतं. आम्ही त्या भिंतीच्या सावलीत बसून डबा खातो. आत तीन पावलांत त्रिभुवन मापणारा त्रिविक्रम आहे. बळी आणि वामनाची गोष्ट आठवून बघा म्हणजे मूर्तीचा उचललेला पाय कळतो.

मग संग्रहालय. गावातले रामलिंगप्पा लामतुरे हे व्यापारी. शेतात, पांढरीत म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेत सापडणारे मणी, नाणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मातीच्या बाहुल्या त्यांनी आयुष्यभर जमवल्या. आज सरकारी संग्रहालयाला त्यांचंच नाव आहे. तिथली हस्तिदंती बाहुली जरूर बघा. हाताच्या पंजाएवढी आहे, पण अंगावरचा दागिना न् दागिना कोरलेला. इटलीत पॉम्पेई नावाचं शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीखाली गाडलं गेलं, तिथं खोदताना याच घडणीची हस्तिदंती मूर्ती सापडली. मी दरवर्षी शाळेतल्या मुलांना ही गोष्ट सांगते आणि दरवर्षी मागच्या बाकावरचं एखादं पोरगं विचारतं, "बाई, आपल्या तेरची?" हो, आपल्या तेरची.

तेर म्हणजे गोरोबाकाकांचंही, संत गोरा कुंभारांचं, गाव. संतांच्या मेळ्यात थापटणं घेऊन प्रत्येकाच्या डोक्यावर मारत कोणतं मडकं कच्चं ते गोरोबांनी पाहिलं आणि नामदेवांचं कच्चं निघालं, ती कथा तुम्हाला माहीत असेल. समाधीमंदिर तेरणेच्या काठावर आहे. संध्याकाळी तिथं हरिपाठ कानावर पडला तर अर्धा तास बसा. नदीला पाणी असेल तर आणखी अर्धा तास.

धाराशिवची लेणी तर गावाजवळच, बालाघाटाच्या एका घळीत. शहरातच राहून ती न बघितलेले लोक मला भेटलेत आणि दर वेळी वाईट वाटतं. दोन नंबरचं लेणं मोठं, खांबांचा दिवाणखाना, भोवती भिक्षूंच्या खोल्या, गाभाऱ्यात नागफणा धरलेला पार्श्वनाथ. करकंड राजाच्या जुन्या जैन कथेत ही लेणी येतात. राजा मूर्तीच्या आसनावरची एक गाठ फोडायला लावतो आणि आतून पाण्याचा लोंढा सुटून लेणं भरून जातं. बघा, इथल्या कथेतसुद्धा पाणीच. पावसाळ्यात घळ हिरवीगार असते, पण वस्ती नाही. दोघंच असाल तर चारच्या आत तिथून निघा. संध्याकाळ काढायचीच असेल तर हातलाई देवीच्या टेकडीवर जा, तिथं सहकुटुंब लोक असतात.

तुळजापूर झालं म्हणालात, पण रविवारच्या रांगेतून झालं असेल तर पुन्हा एकदा जा. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा आणि सुट्ट्या टाळा. हिवाळ्यातल्या एखाद्या बुधवारी तुम्हाला रजा मिळाली तर पहाटेच निघा. कल्लोळ तीर्थाच्या पायऱ्यांवर थोडं टेका. देवीनं बोलावल्यावर सगळी तीर्थं एकदम धावत आली, त्यांचा कल्लोळ झाला म्हणून हे नाव. शांत दिवशी तिथं बसल्यावर ती गोष्ट जास्त पटते. आणि आपल्या भवानीची मूर्ती चल आहे, वर्षातून तीनदा ती पलंगावर निद्रा घेते. नवरात्राच्या आधीची ती घोर निद्रा. त्या दिवसांत गेलात तर देवी सिंहासनावर नसेल, त्यामुळं आधी तारीख बघून जा.

परंड्याचा किल्ला थंडीसाठी ठेवा. ६५-७० किलोमीटर आहे, दुचाकीवर जरा लांब पडतं. भुईकोट, भोवती खंदक, बुरुजांवर तोफा. विजापूरची प्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफ १६३२ मध्ये इथूनच तिकडं गेली. ह्यांना तोफांचं वेड आहे, एकेका तोफेपाशी पाव तास उभे राहतात. मी तोवर खंदकाच्या कडेनं हिंडते. जवळच डोमगावला समर्थांच्या कल्याणस्वामींची समाधी आहे, तीही जोडून होते. दगडातलं कोरीवकाम आवडत असेल तर भूम तालुक्यातलं माणकेश्वरचं महादेवाचं देऊळ चुकवू नका. कुंथलगिरीकडं गेलात तर पेढे घ्या, खव्याचा मुलूख आहे तो.

आता शेवटची जागा, तिला पत्ता नाही. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं येळवस असते, वेळ अमावस्या. डिसेंबरच्या उत्तरार्धात किंवा जानेवारीच्या पूर्वार्धात येते. धाराशिव आणि लातूर त्या दिवशी रिकामं होतं, दुकानं बंद, सगळे शेतात. ज्वारीच्या कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करून आत पाच दगडांचे पांडव मांडतात, पूजा होते. मग भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि माठातली आंबील. पालेभाज्या, ओला हरभरा, वाटाणे, तूर, जे रानात असेल ते सगळं त्या भज्जीत पडतं. घरातला कर्ता आंबील घेऊन "ओलगे ओलगे" म्हणत पिकावर शिंपडत शेताला फेरी मारतो. शब्द कानडी वळणाचे आहेत, अर्थ कुणी विचारत नाही. त्या दिवशी ओळखपाळख नसलेल्या माणसालाही हाक मारून पंगतीत बसवतात.

तुम्ही नवीन आहात, यंदा कुणाच्या शेतात बोलावणं आलं नाही तर इथंच कळवा. आमचं रान तेरच्या रस्त्याला आहे. येताना आपापले पेले तेवढे आणा, आंबिलीला दर वर्षी कमी पडतात.