मोतीबिंदूचं नंतर, आधी ती पॉलिसी परत करा

तासगावचे निवृत्त प्राथमिक शिक्षक लिहितात: वय 61, पेन्शन 27,000. उजव्या डोळ्याचा पडदा सरकला, सांगलीत ऑपरेशन झालं, पडदा जागेवर राहावा म्हणून डोळ्यात तेल भरलंय, ते नंतर काढायचंय. आता मोतीबिंदू होईल, असं डॉक्टर म्हणाले. त्यासाठी 32,000 हप्त्याची आरोग्य पॉलिसी घेऊ का? आणि शेवटी सहज एक ओळ: ‘बँकेतल्या साहेबांनी 3 लाख एफडीसारख्या योजनेत गुंतवून दिलेत. कागद गेल्या आठवड्यात आले. त्यात 10 वर्षं भरायचे लिहिलंय, पण साहेब म्हणतात एकदाच भरलं तरी चालतं.’

गुरुजी, चालत नाही. ही एफडी नव्हे, विमा पॉलिसी आहे. दरवर्षी 3 लाख, एकूण 30 लाख. तुमची वर्षाची पेन्शन सव्वातीन लाख. उरलेल्या 24 हजारांत घर कसं चालणार? आणि पुढचा हप्ता चुकला, तर भरलेल्यातला मोठा भाग बुडण्याची भीती. पेन्शनरच्या गळ्यात दहा वर्षांचा हप्ता बांधणाऱ्यांचा मला संताप येतो.

कागद हातात पडल्यापासून 30 दिवसांत पॉलिसी परत करता येते. स्टॅम्प ड्युटी वगैरे किरकोळ कपात होऊन पैसे मिळतात. साहेबांना विचारू नका, ते ‘थोडं थांबा’ म्हणतील आणि महिना निघून जाईल. उद्याच विमा कंपनीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, ईमेलही करा. दाद दिली नाही, तर कंपनीकडे लेखी तक्रार, मग विम्याच्या तक्रारी सोडवणारे पुण्याचे विमा लोकपाल. पैसे आले की पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. 8 टक्के धरले तरी दर तिमाहीला 6,000.

आता डोळा. पडद्याच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यातला जेलीसारखा द्रव काढतात. मग भिंगापर्यंत जास्त ऑक्सिजन पोचतो आणि ते गढूळ होत जातं. पन्नाशीनंतर हे ऑपरेशन झालेल्या बहुतेकांना दोनेक वर्षांत मोतीबिंदू होतोच. आणि बहुतेक आरोग्य पॉलिसी मोतीबिंदूला पहिली दोन वर्षं पैसे देत नाहीत! म्हणजे 64,000 भरून ऑपरेशन खिशातूनच. हृदय, किडनीसारख्या मोठ्या आजारांसाठी पॉलिसी जरूर घ्या, पण अर्जात डोळ्याचं सगळं लिहून. एजंट ‘लिहू नका’ म्हणाला तर दुसरा एजंट बघा.

मोतीबिंदूसाठी 60,000 वेगळे ठेवा. तेल काढताना मोतीबिंदूही काढता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. पुष्कळदा दोन्ही एकदम करतात आणि एका ऑपरेशनचा खर्च वाचतो. महागड्या मल्टिफोकल (जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणाऱ्या) लेन्सच्या मागे लागू नका, पडदा दुखावलेल्या डोळ्याला ती सहसा मानवत नाही.

अर्जाची पोच मिळाली की मला कळवा.