खाटेशेजारच्या स्टुलावर बसण्यापूर्वी

चि. मित्रास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. वॉर्डातल्या त्या मुलाने तुझ्या मोबाइलमधले फोटो पाहता पाहता भिंतीकडे तोंड फिरवले, हा प्रसंग तू चार ओळींत उरकला आहेस आणि पुढची दोन पाने 'मी वाचलो ते कशासाठी' या प्रश्नावर खर्ची घातली आहेस. प्रमाण नेमके उलटे हवे होते. त्या मुलाचा पाय दुसऱ्या दिवशी मांडीपासून काढायचा होता. तुझा आजार हॉजकिन्स लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कर्करोग. तुझे केस गेले आणि परत आले. आधी केमोतला तुझा टक्कल पडलेला फोटो आणि लगेच कोकणकड्यावरचा हात पसरलेला, असे त्याला दाखवल्यावर त्याने भिंतीकडे पाहिले नसते तरच मला नवल वाटले असते. तो तुझ्यावर रागावला असेल असेही नाही. तू त्याच्याशी बोलतच नव्हतास, इतकेच.

तुझ्या मोठ्या प्रश्नाचे उत्तर देऊन टाकतो, म्हणजे तो पुन्हा मध्ये येणार नाही. तू वाचलास, कारण १९७०च्या दशकात इटलीतल्या मिलान शहरात डॉ. बोनाडोना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार औषधांचे जे मिश्रण बसवले, ज्याला आपण वॉर्डात एबीव्हीडी म्हणतो, ते तुझ्या आजाराला चांगले लागू पडते आणि तुला ते वेळेवर मिळाले. नियतीने तुला काही कार्यासाठी राखून ठेवले असे जर म्हणायचे असेल, तर तुझ्या शेजारच्या खाटेवरचा गृहस्थ गेला त्याला कोणत्या कारणाने राखले नाही, हे त्याच्या बायकोला समजावून सांगण्याची तयारी ठेव. ती तयारी नसेल तर हा विचार मनातून काढून टाक. कार्य करायचे तर कर. त्यासाठी वाचण्याला अर्थ चिकटवण्याची गरज नाही.

आता माझे म्हणणे, आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण तू हुशार आहेस आणि हुशार मुले एकदा सांगितलेले ऐकून सोडून देतात. उपयोगी पड, उदाहरण होऊ नकोस.

न्यूयॉर्कमध्ये १९५२ साली टेरेस लॅसर नावाच्या बाईंचा स्तन कर्करोगामुळे काढावा लागला. त्या काळी या आजाराचे नाव घरातसुद्धा कुजबुजत घेतले जाई. त्यांनी अशाच शस्त्रक्रियेतून गेलेल्या बायकांना रुग्णालयात जाऊन भेटण्याचे काम सुरू केले, पुढे १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने ते आपल्याकडे घेतले आणि आज जगभर एका रुग्णाने दुसऱ्याला भेटण्याची जी पद्धत रुळली आहे, तिच्या मुळाशी हे काम आहे. मला त्यातली लक्षात राहिलेली गोष्ट म्हणजे भेटायला येणारीच्या हातातले साहित्य. खांद्याच्या व्यायामासाठी दोरी, हाताच्या व्यायामासाठी चेंडू, आणि कपड्यांच्या आत घालायचा तात्पुरता कृत्रिम स्तन. येणारी बाई सजून, ताठ उभी राहून येई, हे खरे. त्याचाही परिणाम होतच असेल. पण ती दोरी आणि चेंडू तिथे ठेवून जाई, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेवरच्या बाईला हात वर उचलायला त्या दोरीचाच आधार असे. शिवाय औषधोपचाराबद्दल एक अक्षर बोलायचे नाही, हा दंडक होता. तोही पाळ. 'तुम्ही काय खाल्लंत?' हा प्रश्न तुला प्रत्येक खाटेवर विचारला जाईल, आणि गव्हांकुराचा रस की गोमूत्र यांवर तुझे मत काहीही असो, उत्तर एकच: आहारतज्ज्ञांना विचारू या, मी सोबत येतो.

तू म्हणशील, काका, तुम्ही स्वतः काय करता? गळ्याचे भोक दाखवता, आवाज काढून दाखवता, हे उदाहरण नव्हे तर काय? आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर देणे भाग आहे.

माझे स्वरयंत्र काढले तेव्हा आधी मला असा कोणी भेटला नाही. संमतिपत्रावर आवाज जाईल हे लिहिलेले होते. आंघोळीचे पाणी गळ्यातल्या भोकातून थेट श्वासनलिकेत जाऊ शकते, वास येणे जवळजवळ बंद होते, खोकला तोंडातून न येता गळ्यातून येतो, हे त्यावर नव्हते. कित्येक दिवस खोकल्याची उबळ आली की सवयीने रुमाल तोंडाकडे जाई आणि सदऱ्याचा पुढचा भाग खराब होई. हे मला कोणी आधी सांगितले असते तर मी रुमाल गळ्याशी धरायला शिकलो असतो, आणि सुनेसमोरची ती लाज टळली असती.

म्हणून मी जातो. सोलापूरकडच्या बाजार समितीत लिलाव पुकारणारे एक गृहस्थ होते. आवाजावर पोट. शस्त्रक्रियेला ते तयार होत नव्हते. मी स्टुलावर बसलो आणि त्यांनी काही विचारेपर्यंत गप्प राहिलो, आणि बराच वेळ त्यांनी काही विचारले नाही. मग त्यांचा पहिला प्रश्न आला, तो जगण्यामरण्याचा नव्हता: चहा पिता येतो का? मी चहा मागवला. मला फुंकर मारता येत नाही, कारण माझा श्वास तोंडातून नव्हे तर गळ्यातल्या भोकातून सुटतो, म्हणून बशीत ओतून प्यायलो. बोलता यावे म्हणून श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये बसवलेली झडप जुनी झाली की चहाचा थेंब श्वासनलिकेत झिरपतो आणि ठसका लागतो, मग ती बदलून घ्यावी लागते, हेही सांगितले. दुसरा प्रश्न, फोनवर समोरच्याला कळते का? त्याला तोंडी उत्तर देण्यात अर्थ नव्हता. त्यांचा नंबर घेतला, व्हरांड्याच्या टोकाला गेलो, अंगठ्याने भोक दाबले आणि त्यांना फोन लावला. आम्ही टोमॅटोच्या भावावर बोललो. आवाज खरखरीत, एकसुरी, पण शब्द स्पष्ट होते. सही त्यांनी दुसऱ्या दिवशी केली. ती माझ्यामुळे केली असे मी कधी कुठे म्हटलेले नाही, आणि तूही कोणाच्या बाबतीत असे म्हणू नकोस.

फरक तुझ्या लक्षात आला असेल. मी माझी गोष्ट सांगितली नाही. त्यांनी जे विचारले तेवढे दाखवले. तुझ्या फोटोंची मागणी कोणी केली होती?

उपयोगाचे म्हणशील तर ढीगभर आहे, आणि ते तुझ्या कोकणकड्याइतके देखणे नाही. परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर, डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गाच्या पदपथावर बिहार-बंगालकडून आलेली कुटुंबे बसलेली दिसतात. त्यांतल्या कित्येकांना कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठीच्या रेल्वेप्रवासात स्लीपरचे भाडे पूर्ण माफ असते आणि सोबत्यालाही सवलत असते, फक्त रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो, हे ठाऊक नसते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या खिडकीवर शिधापत्रिकेवरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळले नाही की माणूस अडकतो, आणि गावाकडून कागद मागवायला कोणाला फोन करावा हे त्याला सुचत नाही. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागेची चौकशी करायची असते. नाकातल्या नळीतून पेज दिल्यावर नळीत साधे पाणी सोडायचे, नाहीतर ती तुंबते, हे परिचारिकेने सांगितलेले असते, पण घाबरलेल्या बायकोच्या डोक्यात ते शिरलेले नसते. तिच्याजवळ बसून एकदा तिच्याच हातून करवून घ्यावे लागते. समाजसेवा विभागातल्या बाईंना विचारून, त्या सांगतील त्याच खाटेशी जायचे. या कामात टाळ्या नाहीत.

नोकरी सोडून संस्था काढण्याचा तुझा बेत मला पसंत नाही. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या आणि त्या दुःखातून १९४१ मध्ये परळचे रुग्णालय उभे राहिले, हा दाखला तू दिला आहेस. त्यांच्यामागे टाटांचा ट्रस्ट होता, तुझ्यामागे चार वर्षांचा भविष्यनिर्वाह निधी आहे. इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ पासून काम करते आहे, लहानपणी कर्करोग होऊन बरे झालेल्यांचा 'उगम' हा गटही तिथे आहे. आधी तयार सतरंजीवर बसायला शीक. आणि नोकरी हातची घालवू नकोस, हे मी अनुभवाने सांगतो. झडपेच्या आवाजात मला पेणच्या न्यायालयात उलटतपासणी घेता आली असती की नाही, हे मी कधी पाहिलेच नाही. दस्त लिहीत बसलो. आवाज फुटला तेव्हा अशिले दुसरीकडे गेली होती. ही खंत माझी मला पुरेशी आहे, तुझी तीत भर नको.

माझी मुलगी म्हणते, बाबा, परळला तुम्ही परक्यांचे तास न् तास ऐकत बसता आणि घरी 'लवकर बोल' म्हणता. तुझ्या काकूंचे गुडघ्याचे ऑपरेशन झाले त्या आठवड्यातही मी पहाटेची एसटी चुकवली नव्हती, हे ती अजून काढते. तिला माझे उत्तर असे की काकूंजवळ सून होती, मुलगी होती, आणि त्या दिवशी ज्याच्या गळ्यावर सुरी चालणार होती त्याच्याजवळ माझ्यासारखा दुसरा कोणी नव्हता. हा युक्तिवाद कोणत्याही न्यायालयात टिकेल. शिवाय घरी माझे वाक्य पुरे होण्याआधीच प्रत्येक जण ते पुरे करून टाकतो. वॉर्डात लोक माझ्या अंगठ्याकडे पाहत वाट बघतात. कोणाला असे ठिकाण नको असते?

म्हणजे बघ, गरज आपली असते. तुला हेतू हवा आहे, मला श्रोता. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही, माणूस गरजेशिवाय पहाटेची एसटी पकडत नाही. पण आपल्या गरजेचे बिल खाटेवरच्या माणसाच्या नावावर फाडू नये. तू त्या मुलाला फोटो दाखवत होतास तेव्हा हुरूप कोणाला येत होता? पुन्हा सांगतो, आणि आता शेवटचे: उपयोगी पड, उदाहरण होऊ नकोस.

त्या मुलाकडे परत जायचे का, असे विचारले आहेस. जा. माफी मागत बसू नकोस, ती पुन्हा तुझीच गोष्ट होईल. कृत्रिम पायाची चौकशी कुठे करायची, माप कधी घेतात, एवढे समाजसेवा विभागातून लिहून घे आणि तो कागद त्याच्या वडिलांकडे दे. मुलाला बोलायचे असेल तर तो बोलेल. नसेल तर स्टुलावर बस, मोबाइल खिशात ठेवून.

एक बाब मात्र तू पत्रात ओझरती लिहिलीस आणि मला ती सर्वांत खटकली. तुझी स्वतःची फॉलो-अपची तारीख उलटून गेली आहे, आणि तू दर आठवड्याला त्याच इमारतीत इतरांच्या खाटांशी बसतो आहेस. तुला दिलेल्या औषधांतले ब्लिओमायसिन फुप्फुसांना आणि अॅड्रियामायसिन हृदयाला पुढेही त्रास देऊ शकते, हे तुला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. इतरांच्या फायली काखेत मारून आपली फाईल टाळणारे स्वयंसेवक मी पाहिले आहेत. तारीख घे, तपासण्या करून घे, आणि त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी परळच्या एसटी आगाराबाहेर मला भेट. रेल्वेच्या दाखल्याचे नमुने मी आणतो, पेन तुझे तू आण.

तुझा,
पेणचा काका