हॅम रेडिओत कोॲक्सऐवजी लॅनची वायर अँटेनाला जोडली तर चालेल का?

चालेल, पण ऐकण्यासाठी आणि पॉवर सोडण्यासाठी उत्तर एकच नाही. तुम्ही लिहिलंय की ४० मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झ) डायपोल, म्हणजे मधोमध जोडलेली दोन बाजूंची तारेची अँटेना आहे, सेट १०० वॅटचा आहे, अँटेना शॅकपासून (रेडिओच्या खोलीपासून) २५ मीटरवर आहे आणि कॅट-५ई लॅन केबलचं अर्धं बंडल पडून आहे. बँडवर खरखर फार येते, जुनी आरजी-५८ कोॲक्स (मधली तार आणि भोवती धातूची जाळी असलेली केबल) बदलायचीच आहे, मग हीच वायर का नको? नुसतं ऐकायला ती खरोखर उत्तम आहे. १०० वॅट सतत सोडायला मी ती वापरणार नाही. ५ ते २० वॅटला निर्धास्तपणे वापरते.

बहुतेक जण पहिल्यांदा लॉसच (वायरीत वाया जाणारी पॉवर) विचारतात, म्हणून तो हिशेब आधी. कॅट-५ई च्या मानकात १० मेगाहर्ट्झला १०० मीटरमागे जास्तीत जास्त ६.५ डेसिबल लॉस चालतो. ७ मेगाहर्ट्झला तो सुमारे साडेपाचच्या आत येतो, म्हणजे तुमच्या २५ मीटरला १.३ ते १.४ डेसिबल. तेवढ्याच आरजी-५८ मध्ये साधारण १ डेसिबल जातो. हा फरक समोरच्याला ऐकूसुद्धा येणार नाही. २८ मेगाहर्ट्झला लॅनच्या वायरीत पावणेतीन डेसिबल जातील, तेही एकवेळ सोसता येईल. २ मीटर बँडवर (१४४ मेगाहर्ट्झ) मात्र विषय संपतो. तिथे याच लांबीत पाचातले जवळजवळ चार भाग वायरीतच जिरतील. तिथे चांगली कोॲक्सच घ्या.

आता इम्पिडन्स, म्हणजे व्होल्टेज आणि करंटचं प्रमाण. लॅनच्या वायरीत पीळ दिलेल्या तारांच्या चार जोड्या असतात, त्यातल्या एका जोडीचा इम्पिडन्स १०० ओहम असतो. मोकळ्या जागेतल्या अर्ध्या तरंगलांबीच्या डायपोलचा ७३ ओहमच्या आसपास, आणि जमिनीपासूनच्या उंचीनुसार तो कमीजास्त होतो. १०० भागिले ७३ म्हणजे एसडब्ल्यूआर (जुळणी किती बिघडली याचं माप, १ म्हणजे अगदी जुळलेलं) १.४ च्याही खाली, आणि ५० ओहमच्या कोॲक्सला तो जवळजवळ दीड येतो! डायपोल बॅलन्स्ड (दोन्ही बाजू सारख्या, कुठलीच अर्थला नाही), जोडीही बॅलन्स्ड. त्यामुळे वरच्या टोकाला काहीच लागत नाही, एक तार एका बाजूला आणि दुसरी दुसऱ्या बाजूला. कोॲक्स सर्वसामान्य होण्यापूर्वी, १९३० च्या दशकात, हौशी मंडळी दिव्याच्या पिळाच्या वायरीने डायपोल असाच फीड करत.

खरी अडचण शॅकच्या टोकाला आहे, आणि तुमच्या खरखरीचं उत्तरही तिथेच आहे. सेटचा सॉकेट अनबॅलन्स्ड असतो, म्हणजे त्याची एक बाजू बॉडीला जोडलेली असते. मी पहिल्यांदा एक तार सॉकेटच्या मधल्या पिनला आणि दुसरी बॉडीला थेट जोडली होती. ऐकताना खरखर कोॲक्सपेक्षा वाढली, आणि मोर्सची की दाबली की इलेक्ट्रॉनिक कीअर (ठिपके-रेघा बनवणारं सर्किट) अडकून बसायचा. तेव्हा मला वाटलं की ही वायरच रेडिओच्या कामाची नाही. वायरीचा त्यात काहीही दोष नव्हता.

कारण असं. जोडीला पीळ दिलेला असल्यामुळे दोन्ही तारा सतत जागा बदलतात, म्हणून चार्जर, एलईडी दिवे, राउटर यांचा नॉइज दोघींवर सारखाच बसतो. शेवटी फक्त दोघींमधला फरक मोजला तर तो नॉइज वजा होऊन जातो. अलेक्झांडर ग्राहम बेलने १८८१ मध्ये टेलिफोनच्या तारांसाठी याच कल्पनेचं पेटंट घेतलं. पण 'फरक मोजणारं' काहीतरी टोकाला असायला हवं. एक तार बॉडीला बांधली की वजाबाकी होतच नाही. मग आख्खी वायर घराच्या अर्थिंगला जोडलेली एक लांब अँटेना बनते आणि घरातला सगळा कचरा गोळा करते. कोॲक्समध्येही हेच होतं, फक्त वाट वेगळी: नॉइज जाळीच्या बाहेरच्या अंगावरून अँटेनापर्यंत चढतो आणि तिथून आत शिरतो. म्हणून नुसती केबल बदलून खरखर जाईल असं समजू नका.

यावर उपाय म्हणजे दोन वेगळ्या वाइंडिंगचा ट्रान्सफॉर्मर. सेटच्या बाजूला ५ वेढे, जोडीच्या बाजूला ७. सातचा वर्ग भागिले पाचचा वर्ग १.९६ येतो, म्हणजे ५० चे जवळपास १०० ओहम. फक्त ऐकायचं असेल तर बीएन-७३-२०२ हा दोन भोकांचा छोटा फेराइट कोअर पुरतो. पॉवर सोडायची असेल तर एफटी-२४०-४३ टोरॉइड घ्या आणि दोन्ही वाइंडिंग रिंगच्या समोरासमोरच्या बाजूंना ठेवा. एकावर एक गुंडाळली तर त्यांच्यातल्या कपॅसिटन्समधून नॉइज पुन्हा पलीकडे जातो. जोडीच्या बाजूचं वाइंडिंग कुठेही अर्थ करू नका. शिवाय ट्रान्सफॉर्मरच्या थोडं आधी हीच वायर एका फेराइट रिंगवर आठ-दहा वेढे गुंडाळा, कारण प्रत्यक्षात डायपोलच्या दोन बाजू कधीच अगदी सारख्या नसतात. एवढं केल्यावर माझ्याकडे ४० मीटरवर पूर्वी नॉइजखाली गाडलेली स्टेशनं वर आली.

केवळ रिसीव्ह अँटेनांसाठी (लूप, किंवा बेव्हरेज म्हणजे जमिनीजवळून नेलेली लांब तार) तर मी आता दुसरं काही वापरतच नाही. ३० मेगाहर्ट्झच्या खाली बाहेरचा नॉइजच इतका असतो की केबलमध्ये दोन डेसिबल गेले तर सिग्नल आणि नॉइज दोन्ही सारखेच घटतात. साधारण ४५० ओहमच्या बेव्हरेजला वेढ्यांचं प्रमाण २:१ च्या थोडं वर ठेवलं की १०० ओहम मिळतात. उरलेल्या तीन जोड्यांपैकी एकीवरून प्रीअँपचा (सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटचा) डीसी आणि दुसरीवरून रिलेचा कंट्रोल नेता येतो. कोॲक्समध्ये यासाठी वेगळी खटपट करावी लागते.

१०० वॅटला मी नाही का म्हणते? १०० ओहमच्या लाइनवर १०० वॅट म्हणजे १०० व्होल्ट आणि १ अँपिअर. व्होल्टेजची भीती नाही. पण तार अवघी अर्धा मिलिमीटर जाड, आणि तुमच्या लांबीत २५-२७ वॅट उष्णता होऊन जातात, म्हणजे मीटरमागे साधारण १ वॅट. मोकळ्या हवेत एसएसबीवर (आवाजाच्या मोडवर) बोलताना ते खपून जाईल. एफटी-८ सारख्या, सतत पूर्ण पॉवर सोडणाऱ्या डिजिटल मोडवर, उरलेली वायर वेटोळं करून कोपऱ्यात टाकलेली असेल, तर आतलं इन्सुलेशन मऊ होऊ शकतं. जास्तीची वायर कापून टाका.

आणि कृपा करून हा ४० चा डायपोल ट्यूनर (इम्पिडन्स जुळवणारा डबा) लावून २० मीटर बँडवर या वायरीने चालवू नका. तिथे अँटेनाचा इम्पिडन्स काही हजार ओहमवर जातो, एसडब्ल्यूआर प्रचंड होतो आणि लॉस मॅच्ड लाइनच्या कितीतरी पट वाढतो. शॅकमधला मीटर मात्र सगळं ठीक दाखवत राहतो. ते काम ४५० ओहमच्या लॅडर लाइनचं (अंतर ठेवून नेलेल्या दोन समांतर तारांचं).

दोन जोड्या समांतर जोडून ५० ओहम करण्याची युक्तीही तुम्हाला कोणी सुचवेल. गणित बरोबर आहे, पण एकाच केबलमधल्या जोड्यांचे पीळ मुद्दाम वेगवेगळे ठेवलेले असतात, त्यामुळे सिग्नल दोघींतून एकाच वेळी पोहोचत नाही. मानकात १०० मीटरला ४५ नॅनोसेकंदांपर्यंत फरक चालतो. छोट्या लांबीला, खालच्या बँडवर हरकत नाही. तुमच्या २५ मीटरला मी एकच जोडी वापरेन.

खरेदी करायची वेळ आली तर शुद्ध तांब्याची, बाहेर वापरायची काळ्या पॉलिएथिलीन आवरणाची केबल घ्या. घरातल्या केबलचं आवरण उन्हात तडकतं आणि पाणी शिरलं की लॉस वाढतो. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार ब्लेडने खरवडली की आत पांढरी दिसते. ती वाऱ्यात हलून तुटते, म्हणून नकोच. तार एकेरी असल्यामुळे वरच्या जोडावर ताण येऊ देऊ नका, भार दोरीवर घ्या.

जुनी आरजी-५८ लगेच उतरवू नका. आधी लॅनच्या वायरीला दूरच्या टोकाला १०० ओहमचा रेझिस्टर लावून ट्रान्सफॉर्मरसकट एसडब्ल्यूआर बघा, मग डायपोलवर आलटून पालटून दोन्ही केबल लावून रात्री ४० मीटर ऐका. सिग्नल आणि नॉइज दोन्ही वेगवेगळे लिहून ठेवा. त्यानंतर ५ वॅटवर पहिला कॉल द्या.