वेलांचली म्हणजे वेलींचा प्रदेश नव्हे!

सांगलीच्या एका वाचकांचा प्रश्न आलाय. स्पर्धा परीक्षेची तयारी करतायत, हिंदी नोट्समध्ये लिटोरल झोनला, म्हणजे पाण्याच्या काठालगतच्या पट्ट्याला, 'वेलांचली क्षेत्र' असा शब्द दिसला, आणि क्लासमध्ये सांगितलं की वेलांचली म्हणजे वेलींचा अंचल, किनाऱ्यावर वेली-झुडपं माजतात तो भाग. हे बरोबर का? आणि इंटरटायडल झोन, म्हणजे भरती-ओहोटीच्या मधला पट्टा, तो हाच का?

अहो, वेलींचा काय संबंध! शब्द दिसला की ओळखीचं काहीतरी त्याला चिकटवून मोकळं व्हायचं ही खोड क्लासवाल्यांना कुठून लागली कळत नाही. हा शब्द वेला + अंचल. अंचल म्हणजे पदर, काठ. आणि वेला हा संस्कृतातला इतका भारी शब्द आहे की अमरकोशाने त्याला अर्ध्या श्लोकात बसवलाय: 'अब्ध्यम्बुविकृतौ वेला कालमर्यादयोरपि'. म्हणजे समुद्राच्या पाण्याचं चढणं-उतरणं, काळ आणि मर्यादा, तिन्हीला वेलाच. पुराणिकांनी तर वेलेला समुद्राची बायकोच करून टाकलं, मग वेलांचल म्हणजे तिचा पदर. एवढं सुंदर सोडून वेली-झुडपं!

आता गंमत बघा. त्या तीन अर्थांतला काळ तेवढा आपण मराठीत ठेवला, 'वेळ' म्हणून, भरती आणि मर्यादा सोडून दिल्या. इंग्रजीतला टाइडही तसाच, मूळचा अर्थ वेळ, जर्मन त्साइटचा भाऊबंद, भरतीचा अर्थ नंतर चिकटला. 'टाइम अँड टाइड' म्हणीतला टाइडसुद्धा वेळच आहे, भरती नव्हे, आणि तरी शाळेच्या भिंतीवर त्या म्हणीखाली लाटा रंगवतात! म्हणजे तिकडे वेळेची भरती झाली आणि आपल्याकडे भरतीची नुस्ती वेळ उरली. कोकणातल्या माणसाला यात काही नवल वाटणार नाही, त्याचं भरतीचं गणितच तिथीवर चालतं, तिथीला पाऊणने गुणायचं, पंचमी असली की पाच पाऊण पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते त्यामुळे हा हिशोब बऱ्यापैकी जमतो. पुनव-अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात कमी भरती. घड्याळ आणि समुद्र एकच.

संस्कृत पंडित मात्र वेला शब्द वेल् या हलण्याच्या धातूपासून काढतात, पाणी हलतं म्हणून वेला. मला हे पटत नाही. हलणारं पाणी धरलं तर मर्यादा कुठून आली? कालिदासाने रघुवंशात वेलेला पृथ्वीभोवतीचा तट म्हटलंय आणि समुद्राला खंदक, तट कधी हलतो का? माझ्या मते आधी हद्द, मग हद्दीपर्यंत येणारं पाणी, मग ते पाणी यायचा काळ. आणि त्याच्याही पुढे जाऊन सांगतो, पुळणीवर जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरते ना, तिच्या नावातली 'वेल'सुद्धा मला वेलाच वाटते. मर्यादा आणि वेला, एकच गोष्ट दोनदा. वनस्पतीवाले म्हणतील ती सरळ सरळ वेल आहे, जमिनीवर पसरते, दिसत नाही का. दिसते हो, पण डोळ्याला दिसतं तेवढ्यावर व्युत्पत्ती करायला लागलो तर आपल्यात आणि त्या क्लासमध्ये फरक काय राहिला? (आमच्या कोरेगावकडचं वेळू गाव यात आणू नका, वेळू म्हणजे बांबू, तो वेणूपासून.)

असो, तुमचा प्रश्न. समुद्राच्या बाबतीत काटेकोर बोलायचं तर लिटोरल म्हणजे भरतीची वरची रेघ आणि ओहोटीची खालची रेघ यांच्यामधला पट्टा, तिथे तो आणि इंटरटायडल एकच. पण बरेच जण लिटोरल सैल वापरतात, लाटांचे तुषार उडतात ती वरची जागा आणि खालचं उथळ पाणी दोन्ही धरतात, नौदलवाले तर अजून लांब जातात. आणि तळ्यालाही लिटोरल झोन असतो! आमच्या कासच्या तलावात काय भरती येते? पण काठाजवळ जिथवर उजेड तळाला पोचतो आणि मुळं रोवलेल्या पाणवनस्पती वाढतात तो सगळा लिटोरलच. म्हणून दोन्ही शब्द डोळे झाकून एक मानू नका. सीआरझेड (कोस्टल रेग्युलेशन झोन) हे तिसरंच, तो कायद्याचा पट्टा, 1991 च्या अधिसूचनेत भरतीरेषेपासून जमिनीकडे 500 मीटरपर्यंत धरलेला, त्याचा जीवशास्त्राच्या व्याख्येशी संबंध नाही.

राहता राहिली तुमच्या सांगलीची कृष्णा. हल्ली पुराच्या बातम्यांत 'कृष्णेची किनारपट्टी' ऐकून कान किटलेत. किनारपट्टी समुद्राची हो, नदीला काठ असतो! सांगलीच्या घाटाला परीक्षेच्या पेपरात लिटोरलही लिहू नका, नदीकाठाला रायपेरियन. तो लॅटिन रिपा म्हणजे काठ यावरून, आणि रायव्हल आला रिवुसवरून, म्हणजे ओढा, एकाच ओढ्याचं पाणी वापरणारे ते रायव्हल. हे कृष्णेवरच्या आलमट्टी धरणाच्या पलीकडल्यांना आणि अलीकडल्यांना वेगळं समजवायला नको.